आधी केरवा, मग खरेदी

"डोक्यात सतत चाली घोळत असतात, घरी लॅपटॉप आहे, पण एकही वाद्य वाजवता येत नाही. सुरुवात करायची तर आधी काय विकत घ्यावं?" बारावीच्या मुलांपासून निवृत्त झालेल्या काकांपर्यंत अनेक वाचक हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्याच्या मागोमाग बाकीचे प्रश्न रांग लावतात. कीबोर्ड किती सप्तकांचा हवा? माइक कुठला? फुकटचं सॉफ्टवेअर चालेल का? आणि यूट्यूबवर टाकलं तर कुणी हक्क सांगत येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काहीही घेऊ नका. निदान दोन-दोन मिनिटांच्या तीन धुना पुऱ्या होईपर्यंत तरी नाही. तुमचा हात ठेक्याकडे वळतो, चालीकडे की आवाजाकडे, हे तीन धुना झाल्याशिवाय तुम्हालाच कळत नाही, आणि ते कळण्याआधी घेतलेला कीबोर्ड बहुतेक घरांत कपाटावर जाऊन बसतो. पैसे वाया जातात ते जातात, पण त्याहून वाईट म्हणजे "आपल्याला जमलं नाही" हा समज मनात घर करतो.

यंत्रासोबत मिळालेल्या साध्या सामानातून किती दूर जाता येतं, याची उदाहरणं जगजाहीर आहेत. २००७ साली गाजलेल्या, रिहानाच्या 'अम्ब्रेला' या गाण्याचा ठेका ॲपलच्या गॅरेजबँडमध्ये आयत्या मिळणाऱ्या एका ड्रम-लूपवर उभा आहे. तो लूप त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक मालकाकडे होता. बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरात, तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीचे मानाचे पुरस्कार घेऊन आला.

संगणकात गाणं असतं कसं?

एवढं एक समजून घेतलं की पुढचा निम्मा गोंधळ संपतो. संगणकात संगीत दोन रूपांत राहतं.

पहिलं रूप सूचनांचं. १९८३ साली अमेरिका आणि जपानमधल्या वाद्यकंपन्यांनी यंत्रांसाठी एक सामाईक भाषा आणली. तिचं नाव मिडी. मिडीत आवाज नसतो. कोणता सूर, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद, एवढीच नोंद असते. भातखंडे स्वरलिपीत लिहिलेली बंदिश कागदावर गप्प असते आणि कुणी गायल्यावरच ऐकू येते, तसंच हे. म्हणून मिडीत मांडलेली चाल आज पियानोवर वाजवा, उद्या बासरीवर. पट्टी बदला, लय वाढवा, चुकलेला सूर माउसनं उचलून जागेवर ठेवा. तुम्हाला वाद्य येत नाही ही अडचण इथे सुटते.

दुसरं रूप प्रत्यक्ष आवाजाचं. तुमचं गाणं, टाळी, पावसाचा आवाज, जे काही माइकमधून आत गेलं ते. ते कापता येतं, जोडता येतं, पण त्यातल्या बासरीची सनई करता येत नाही.

ही दोन्ही रूपं एका पडद्यावर आडव्या पट्ट्यांत मांडून देणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. या क्षेत्रातली माणसं नुसतं 'डॉ' म्हणतात.

तुमच्या यंत्राला कुठलं सॉफ्टवेअर?

इथे आठवडेच्या आठवडे तुलना करत बसणारे वाचक खूप आहेत. यादी छोटी ठेवा.

- मॅक असेल तर गॅरेजबँड. फुकट आहे, वाद्यांचे आवाज भरपूर आहेत, आवाजही नोंदवता येतो. दुसरं काही शोधूच नका.
- विंडोजचा जुना लॅपटॉप असेल तर एलएमएमएस. पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत. ठेके आणि चाली बांधायला उत्तम. एक उणीव आधीच माहीत असू द्या: याच्या स्थिर आवृत्तीत माइकवरून गाणं नोंदवायची सोय नाही. त्यासाठी जोडीला ऑडॅसिटी घ्या, तेही मोफत आहे.
- विंडोजचा बरा लॅपटॉप असेल तर रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. पहिले काही दिवस कोरडं वाटेल, कारण सोबत वाद्यांचे आवाज फार कमी मिळतात. ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात.
- यंत्र ऑफिसचं असेल, काही इन्स्टॉल करता येत नसेल किंवा हाताशी फक्त फोन असेल तर बँडलॅब. ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये मोफत चालतं. इंटरनेट मात्र हवं.
- लिनक्सवर एलएमएमएस किंवा आर्डर.

एफएल स्टुडिओचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण मोफत चाचणी-आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प नंतर पुन्हा उघडता येत नाही. महिनाभराची मेहनत त्यात अडकवण्याआधी हे लक्षात ठेवा.

आणि 'क्रॅक' केलेल्या प्रतींच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यासोबत घातक प्रोग्रॅम येतात, हा एक धोका. पुढे एखाद्याला संगीत विकायची वेळ आली तर तुमची अख्खी उभारणी चोरीच्या पायावर असते, हा दुसरा. वर दिलेले बहुतेक पर्याय फुकट असताना तो धोका पत्करायला कारणच उरत नाही.

यंत्राची रॅम ८ जीबी असेल तर काम आरामात होतं. ४ जीबीवरही एलएमएमएस चालतं, फक्त सोबत ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवू नका. कानाला मात्र वायरचेच इअरफोन लावा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो. कळ दाबल्यावर सूर क्षणभरानं आला की लयीत वाजवणं अशक्य होतं, आणि वाचकांना वाटतं दोष आपल्या हातात आहे.

पहिली संध्याकाळ: केरवा चौकोनांत मांडा

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठेका बांधण्यासाठी चौकोनांची एक ओळ असते. १६ चौकोन, डावीकडून उजवीकडे. ज्या चौकोनावर क्लिक कराल तिथे ठोका पडतो. परदेशी शिकवण्यांत इथे लगेच रॉकचा किंवा हिपहॉपचा ठेका शिकवतात. तुम्ही केरव्यापासून सुरुवात करा. भजन, भावगीत, कोळीगीत अशा सगळीकडे तो तुमच्या कानांवरून गेला आहे, त्यामुळे चुकलं तर कान लगेच सांगतो.

केरव्याच्या ८ मात्रा: धा गे ना ती, न क धीं ना. चौकोन १६ आहेत, म्हणजे एका मात्रेला दोन चौकोन. विषम क्रमांकाच्या चौकोनांवर मात्रा पडतात, सम चौकोन त्यांच्या मधल्या जागा.

आता तीन ओळी घ्या. एक डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी, एक तबल्याच्या चाटेसाठी, एक 'क' या बंद ठोक्यासाठी. सॉफ्टवेअरमध्ये तबला नसेल तर डग्ग्याच्या जागी किक ड्रम, तबल्याच्या जागी काँगा किंवा रिमशॉट घ्या. त्याहून मजेचा मार्ग स्वयंपाकघरात आहे. वीस लिटरचा पाण्याचा रिकामा जार तळव्यानं वाजवा, तो डग्गा झाला. पालथ्या स्टीलच्या डब्यावर बोटाची टिचकी म्हणजे चाट. लाकडी पोळपाटावर चापट मारली की 'क'. तिन्ही आवाज फोनवर नोंदवा, ऑडॅसिटीत पुढची-मागची शांतता कापा आणि एकेका ओळीला एकेक आवाज जोडा.

1. लय ९० ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये तिला बीपीएम म्हणतात.
2. डग्गा: चौकोन १, ३ आणि १३.
3. तबला: चौकोन १, ५, ७, ९, १३ आणि १५.
4. 'क': चौकोन ११.
5. चालू करा आणि मिनिटभर नुसतं ऐका. हातानं टाळी देऊन पाहा.

केरवा ओळखू येईल, पण शिवणयंत्र चालल्यासारखा वाटेल. अनेक नवशिके इथेच हिरमुसतात आणि महागड्या आवाजांच्या शोधाला लागतात. दोष आवाजांचा नसतो. सगळे ठोके सारख्याच जोरात पडताहेत, एवढंच झालेलं असतं. कुठलाही तबलजी तसं वाजवत नाही.

मिडीत प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ या मापात ठरवता येतो. समेचा 'धा' ११५वर न्या. 'गे' ८०, 'ना' ९५, 'ती' ७५. पाचव्या मात्रेला काल आहे, तिथला 'न' ६०वर उतरवा. 'क' ७०. सातव्या मात्रेचा 'धीं' पुन्हा १००वर आणा, म्हणजे ठेका समेकडे ओढ घेईल. मग सोळाव्या चौकोनावर तबल्याचा एक अगदी हलका ठोका ठेवा, जोर ३५. आता ऐका. आकडे बदललेत ते सात-आठच, पण यंत्राला हात फुटल्यासारखं वाटेल. हे आकडे पवित्र नाहीत. तुमच्या कानाला पटेपर्यंत हलवत राहा, तासभर गेला तरी जाऊ द्या. या एका तासात जे समजतं ते दहा शिकवण्या पाहून समजत नाही.

दादरा हवा असेल तर ६ मात्रांसाठी १२ चौकोन ठेवा, रूपकाच्या ७ मात्रांसाठी १४. जिथे चौकोन कमी करता येत नाहीत तिथे ताल-मापाच्या खान्यात दादऱ्यासाठी ३/४ आणि रूपकासाठी ७/८ लिहा. एवढं न केल्यानं "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय ताल बसत नाहीत" अशी तक्रार अनेक जण करतात.

चाल: पाच सूर आणि टंकायचा कीबोर्ड

संगणकाचा टाइप करायचा कीबोर्ड हाच तुमचा पहिला कळफलक. गॅरेजबँडमध्ये कमांड आणि के एकत्र दाबलं की 'म्युझिकल टायपिंग' सुरू होतं. मधल्या रांगेतली 'ए' ही कळ पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्य 'सी'. एलएमएमएस आणि एफएल स्टुडिओत तीच पांढरी एक खालच्या रांगेतल्या 'झेड'वर असते.

पांढरी एकला सा माना आणि भूपाचे पाचच सूर घ्या:

- गॅरेजबँड: ए सा, एस रे, डी ग, जी प, एच ध, आणि के म्हणजे तार सा.
- एलएमएमएस: झेड सा, एक्स रे, सी ग, बी प, एन ध.

म आणि नी नाहीत, त्यामुळे कुठलीही कळ दाबली तरी कानाला खटकणारं फारसं काही होत नाही. खाली खर्जातला सा आणि प लांबवर धरून ठेवा, तो तुमचा तानपुरा. भूप रुळला की गंधाराच्या जागी शुद्ध मध्यम घ्या, म्हणजे दुर्गाचे सूर मिळतात. राग नुसत्या सुरांनी होत नाही हे जाणकारांना सांगायला नको, पण हात बसवायला ही वाट चांगली आहे.

मात्र चाल कीबोर्डवर शोधत बसू नका. बोटं जिथे सोपं वाटतं तिथेच फिरत राहतात आणि सगळ्या चाली एकसारख्या होतात. आधी फोनवर गुणगुणा. मग ती नोंद पुन्हा पुन्हा ऐकत एकेक सूर कळांवर शोधा आणि पियानो-रोलमध्ये ठेवा. पियानो-रोल म्हणजे डावीकडे उभा कळफलक आणि त्यापुढे आडव्या रेघा. सूर जितका लांब, तितकी रेघ लांब. सुरुवातीला चार ओळींच्या चालीला संध्याकाळ लागेल, महिनाभरानं पाऊण तास.

पट्टी तुमच्या गळ्याला जमत नसेल तर सगळे सूर निवडा आणि सरकवा. काळी एकसाठी एक घर वर. काळी चारसाठी आठ घरं वर किंवा चार घरं खाली.

यंत्रावर राग, या कल्पनेनं कुणी नाक मुरडलं तर त्यांना चरणजित सिंग यांचं उदाहरण द्या. मुंबईतल्या या चित्रपट-वादकानं १९८२ साली जपानी कंपनीची ताल आणि सूरयंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. त्यात भूपाली, म्हणजे भूपही होता. त्या वेळी ही ध्वनिमुद्रिका फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या नृत्यसंगीताच्या रसिकांनी कान टवकारले, कारण त्यांच्या आवडत्या 'ॲसिड हाउस' प्रकाराशी तिचं आश्चर्यकारक साम्य होतं आणि ती त्या प्रकाराच्या जन्माआधीची होती.

एक मर्यादा मात्र खरी आहे. पियानो-रोलमधले सूर पायऱ्यांसारखे सुटे असतात, आणि आपलं गाणं सुरांच्या मधल्या वाटेवरून चालतं. मींड काढायला 'पिच बेंड' नावाची रेघ ओढावी लागते आणि ती किचकट असते. दरबारीचा आंदोलित गंधार पहिल्याच महिन्यात माउसनं काढायला जाऊ नका. जिथे मींड हवी तिथे स्वतः गा.

आवाज घरच्या घरी

तुमचा फोन पहिल्या वर्षासाठी पुरेसा माइक आहे. त्याहून महत्त्वाची खोली. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि हा घुमारा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट निघत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर गा, पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. पंखा बंद, फ्रिज असलेली खोली टाळा.

फोन तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटकारा बसणार नाही. ठेका लॅपटॉपवर लावा आणि इअरफोनमधूनच ऐका. तो स्पीकरवर लावला तर गाण्यासोबत नोंदला जातो आणि वेगळा करता येत नाही. सुरुवातीला ठेक्याच्या पहिल्या चार समांवर चार टाळ्या वाजवा. नंतर संगणकावर आवाजाच्या चित्रात या टाळ्यांचे सुळके स्पष्ट दिसतात आणि ते ठेक्यावर जुळवले की गाणं जागेवर बसतं.

फोनच्या रेकॉर्डरमध्ये 'वेव्ह' हा प्रकार निवडता येत असेल तर तो निवडा. अनेक फोन एम४ए प्रकारात जतन करतात. ती फाइल विंडोजवरच्या ऑडॅसिटीत उघडण्यासाठी एफएफएमपेग नावाची मोफत पुरवणी घालावी लागते. फाइल उघडत नाही म्हणून गाणं पुन्हा नोंदवू नका.

थेट लॅपटॉपवर नोंदवताना आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सेटिंगमधला 'बफर' २५६वर आणा, उशीर काही मिलिसेकंदांवर येतो. विंडोजवर एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर अनेकदा कामी येतो. नोंदणी संपली की बफर पुन्हा १०२४ करा, नाहीतर यंत्र धापा टाकतं.

एका आवर्तनात अडकू नका

एक सुंदर आवर्तन तयार होतं, ते फिरत राहतं आणि महिनोन् महिने पुढे काहीच होत नाही. ही अवस्था प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येते. त्यावर उपाय गणिताचा आहे. ९०च्या लयीला वरच्या केरव्याची ४५ आवर्तनं म्हणजे बरोबर दोन मिनिटं. कोऱ्या कागदावर आधीच वाटणी करा:

- सुरुवातीचा तुकडा: ४
- मुखडा: ८
- मधला तुकडा: ४
- पहिला अंतरा: ८
- मुखडा: ४
- मधला तुकडा: ४
- दुसरा अंतरा: ८
- मुखडा: ४
- शेवटची सम: १

मग प्रत्येक भागात एक तरी गोष्ट काढा किंवा घाला. पहिल्या अंतऱ्यात डग्गा काढून टाका. दुसऱ्यात टाळ आणा. ऐकणाऱ्याला एवढा बदलही पुरतो.

एका क्लिकवर साठ व्हायोलिनं मिळतात म्हणून ती सगळीकडे पसरवू नका. 'सैराट'मधला वाद्यवृंद ऐकून तो मोह होतो, पण अजय-अतुल यांनी तो अमेरिकेत जाऊन, खऱ्याखुऱ्या वादकांकडून वाजवून घेतला होता. संगणकाच्या फुकट व्हायोलिनकडून तेच मागितलं की गाणं एकदम स्वस्त वाटू लागतं. एक तुणतुण्यासारखा सूर, एक ठेका आणि तुमचा गळा यांत जास्त जीव येतो.

शेवटचा हात: आवाजांची पातळी

इथे थोडक्यात. सर्व पट्ट्या खाली आणा, आधी गळा ऐकू येईल एवढा वर घ्या, मग ठेका, मग बाकीचं. गळा आणि डग्गा मध्यभागी, इतर वाद्यं थोडी डावी-उजवीकडे. घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, "आता जाणवतोय" असं वाटलं की तिथून निम्मा करा. मुख्य पातळीचा काटा लाल होऊ देऊ नका, सर्वांत मोठा आवाज उणे १ डेसिबलच्या आत ठेवा. खूप मोठं करून काही हाती लागत नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी वाजवताना त्यांची पातळी साधारण उणे १४ या मापावर आणतात.

निर्यात करताना वेव्ह फाइल काढा, ४४.१ किलोहर्ट्झ. व्हिडिओला जोडायची असेल तर ४८. तीन मिनिटांच्या १६ बिटच्या फाइलला सुमारे ३० एमबी लागतात. मित्रांना पाठवायला ३२० केबीपीएसची एमपी३ पुरते, आणि व्हॉट्सॲपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग रिक्षात, फोनच्या स्पीकरवर, शेजारच्यांच्या टीव्हीवर ऐका. प्रत्येक ठिकाणी शब्द समजत असतील तर काम झालं.

हक्क: तुमचे आणि दुसऱ्यांचे

बहुतेक वाचक इथे घाबरलेले असतात किंवा पूर्ण निर्धास्त. दोन्ही चुकीचं. कॉपीराइट कायदा, १९५७ समजायला अवघड नाही. गाण्यात तीन स्वतंत्र हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण.

'अभंग तुकयाचे' घ्या. शब्द तुकोबांचे, ते सर्वांसाठी खुले. चाली श्रीनिवास खळे यांच्या. भारतात चालीचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. खळे २०११ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण हा तिसरा, वेगळा हक्क. तुम्ही तोच अभंग घेऊन स्वतःची चाल लावली तर कुणाची परवानगी नको. खळ्यांची चाल घेतली, मग भले सगळं तुम्ही लॅपटॉपवर नव्यानं वाजवलेलं असो, तर परवानगी हवी. 'गीतरामायणा'चे शब्दही खुले नाहीत. गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा २०३७ संपेपर्यंत नाहीत. १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या कवितांना मात्र तुम्ही मनमोकळी चाल लावू शकता.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला छोटासा तुकडा उचलणं, म्हणजे सॅम्पलिंग, यालाही परवानगी लागते. "सात सेकंदांपर्यंत चालतं" ही निव्वळ वावडी आहे, कायद्यात असा आकडा नाही. २०१९ साली अमेरिकेत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेल्या 'ओल्ड टाउन रोड' या गाण्याची गोष्ट पाहा. गायक लिल नॅस एक्सनं त्याचा ठेका एका डच तरुणाकडून इंटरनेटवर ३० डॉलरला घेतला. त्यात नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८च्या रचनेचा तुकडा होता. ती रचना 'क्रिएटिव्ह कॉमन्स'खाली मोफत होती, पण अव्यावसायिक वापरापुरती. शेवटी मूळ संगीतकारांची नावं श्रेयात आली.

त्यामुळे फुकट आवाज उतरवताना परवान्याची ओळ वाचा. बार्सिलोनाच्या एका विद्यापीठातून चालणाऱ्या फ्रीसाउंड या संग्रहात प्रत्येक आवाजासोबत ती असते:

- सीसी झिरो: काहीही करा, श्रेयही सक्तीचं नाही.
- सीसी बाय: वापरा, पण नाव द्या.
- सीसी बाय-एनसी: कमाई करायची असेल तर हात लावू नका.

सॉफ्टवेअरसोबत आलेले लूप तुमच्या गाण्यात वापरायला सहसा मुभा असते. ते सुटे करून विकता येत नाहीत. आणि तोच लूप हजारो लोकांकडे असल्यामुळे यूट्यूबची यंत्रणा कधीकधी तुमच्या गाण्यावर दुसऱ्याचा दावा लावते. अशा वेळी घाबरून गाणं काढू नका. दाव्याला आव्हान द्यायची सोय तिथेच असते, लूप कुठून घेतला आणि त्याचा परवाना काय, हे लिहा. वाक्य टाइप केलं की गाणं बनवून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांबद्दलही हेच. मोफत योजनेत व्यावसायिक वापराला मनाई असू शकते, अटी आधी वाचा.

आता तुमचे हक्क. रचना नोंदवली किंवा लिहिली गेली की ती तुमचीच, सरकारी नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. रोज प्रकल्पाची फाइल तारखेसह जतन करणं आणि गुणगुणलेली पहिली नोंद न पुसणं हा पुरावाही मोलाचा आहे.

मित्राच्या लघुपटाला संगीत देताना "आपल्यातलंच आहे" म्हणून कागद टाळू नका. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतात. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. तसं लिहून घेतलेला कागद समोर आला तर सही करण्याआधी हे दाखवा. नियमित काम मिळू लागलं की संगीतकार आणि गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्या.

गाणं बाहेर सोडण्याआधी

- शब्द, चाल, संगीत, गायन: कुणाचं काय, कुणाचा वाटा किती, हे सगळ्यांच्या सह्यांनिशी एका कागदावर लिहा. गाणं चालण्याआधी हा कागद दहा मिनिटांत होतो.
- यूट्यूबवर तुम्ही स्वतः टाकू शकता. स्पॉटिफायसारख्या सेवांवर वितरकामार्फत जावं लागतं. काही वितरक वार्षिक शुल्क घेतात आणि ते थांबलं की गाणं उतरवतात, काही कमाईतला हिस्सा घेतात. दोन्हींत हक्क तुमच्याकडेच राहतात ना, ते पाहा.
- वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षरांचा क्रमांक देतो. तो जपून ठेवा. वितरक बदलला तर तोच क्रमांक पुढे न्या, नाहीतर जुनं गाणं नव्यानं मोजलं जातं.
- प्रकल्पाचं पूर्ण फोल्डर, गळ्याच्या मूळ नोंदी आणि अंतिम वेव्ह यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. लॅपटॉप बिघडला तर पोळपाटावर वाजवलेला तो 'क' पुन्हा तसाच्या तसा मिळत नाही.